आत्मा गहाण, व्याज माफ : ‘ट्वायलाइट’ मालिका आणि तिची चुलत भावंडं

‘न्यू मून’च्या दुसऱ्या प्रकरणात डॉक्टर कार्लाइल कलन बेलाच्या हातात घुसलेल्या काचा एकेक करून काढतो, टाके घालतो आणि रक्ताने माखलेली पट्टी नंतर जाळून टाकतो. घरातले बाकीचे रक्ताचा वास सोसेना म्हणून बाहेर निघून गेलेत. डॉक्टर स्वतःही व्हँपायर, पण त्याचा हात कापत नाही. बेला ही माणसाची मुलगी, त्याने मुलासारखा सांभाळलेल्या व्हँपायर एडवर्डच्या प्रेमात पडलेली. काम करता करता तो बेलाला विचारतो, व्हँपायर झालं की आत्मा जातो असं एडवर्डला वाटतं तसंच तुलाही मनापासून वाटत असतं, तर तू त्याचा आत्मा हिरावून घेतला असतास का? बेला मनात हिशेब मांडते. स्वतःचा आत्मा द्यायचा तर ती आत्ता देईल. त्याचा घ्यायचा म्हटल्यावर मात्र ओठ आवळून गप्प बसते.

चार कादंबऱ्या, जवळजवळ अडीच हजार पानं, आणि त्यातली सगळ्यात कसदार चार-पाच पानं ही. ‘ट्वायलाइट’ (२००५), ‘न्यू मून’ (२००६), ‘एक्लिप्स’ (२००७) आणि ‘ब्रेकिंग डॉन’ (२००८) या स्टेफनी मायर यांच्या मालिकेबद्दल बोलणं निघालं की बेलाने एडवर्डला निवडावं की लांडग्याचं रूप घेणाऱ्या जेकबला यावरच सगळी शाई खर्च होते. इथे तो त्रिकोण बाजूला ठेवला आहे. ही पुस्तकं श्रद्धेचा आणि नीतीचा प्रश्न खरोखर विचारतात का, आणि विचारला तर उत्तराची किंमत मोजतात का, एवढंच तपासायचं आहे. प्रश्न त्या विचारतात, चांगला विचारतात. किंमत मात्र दरवेळी दुसऱ्याच कुणाच्या नावावर टाकतात.

आधी एडवर्डची भीती समजून घ्यायला हवी, कारण ‘आत्म्याला शस्त्र छेदत नाही, अग्नी जाळत नाही’ हे पाठ करत वाढलेल्या वाचकापर्यंत ती चटकन पोचत नाही. एडवर्डचा जन्म १९०१चा, शिकागोचा. १९१८च्या स्पॅनिश फ्लूत तो मरायला टेकला असताना कार्लाइलने त्याला बदललं. त्या क्षणी आपला आत्मा गेला, असं तो धरून चालतो. ख्रिस्ती चौकटीत एकच जन्म आणि मग न्याय. पुढच्या जन्मी फेडू ही सोयच नाही. आत्माच नसेल तर न्यायाच्या वहीत नावच नाही, मग माणूस मारला काय आणि हरणावर भागवलं काय. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती घरातल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. बाकीच्यांनी एवढं गृहीत धरलं तरच बेलाला व्हँपायर करायला एडवर्ड इतका का बिचकतो हे कळतं. नाहीतर ती नुसती नखरेल टाळाटाळ वाटते.

दुसरी किल्ली लेखिकेच्या धर्मात आहे. स्टेफनी मायर लॅटर-डे सेंट्स म्हणजे मॉर्मन चर्चच्या सदस्य, ब्रिगहॅम यंग विद्यापीठात इंग्रजी शिकलेल्या. या चर्चच्या श्रद्धाकलमांपैकी दुसरं कलम सांगतं की माणसाला शिक्षा होईल ती त्याच्या स्वतःच्या पापांची, आदामाच्या उल्लंघनाची नव्हे. आता पहिल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ बघा: दोन हातांची ओंजळ आणि तीत लाल सफरचंद. आत सुरुवातीलाच ‘उत्पत्ती’च्या दुसऱ्या अध्यायातलं सतरावं वचन, बऱ्यावाइटाचं ज्ञान देणाऱ्या झाडाचं फळ खाऊ नको असं बजावणारं. बहुतेक चर्चमध्ये हव्वेचं ते फळ खाणं म्हणजे पतन. मॉर्मन शिकवणीत मात्र त्या खाण्यावाचून माणसाची वाटचालच सुरू झाली नसती, म्हणून हव्वेकडे आदराने पाहिलं जातं. या दोन गोष्टी जोडल्या की मालिकेचा आराखडा उलगडतो. व्हँपायर होणं हे मूळ पापासारखं, न निवडता अंगावर आलेलं. पुढे काय करायचं ते मात्र आपल्या हातात. विवाह मृत्यूपाशी संपत नाही, योग्य विधी झाला तर अनंतकाळ टिकतो, हीसुद्धा त्याच चर्चची शिकवण. एडवर्ड लग्नासाठी एवढा हटून का बसतो, याचं निम्मं उत्तर तिथे मिळतं.

पण हा प्रचारग्रंथ आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. पुस्तकात रविवारी कुणी चर्चला जाताना दिसत नाही. बेलाचा बाप चार्ली आईबापांमुळे लुथरन, पण त्याची रविवारची उपासना नदीकाठी गळ टाकून. आई रेने अधूनमधून एखादं चर्च करून बघते. टेनिस, मातीची भांडी आणि योगासनं करून बघितली तशीच. म्हणजे नायिका श्रद्धेच्या बाबतीत कोरी, आणि श्रद्धावान कोण, तर रक्त पिणारा डॉक्टर. ही उलटापालट मायरबाईंची खरी कमाई.

कार्लाइल १६४०च्या दशकात लंडनमध्ये जन्मला. बाप अँग्लिकन पाद्री, चेटकिणी आणि पिशाच्चं हुडकून मारण्याचं वेड असलेला. तेविसाव्या वर्षी अशाच एका मोहिमेत कार्लाइलला चावा बसतो. आपण काय झालो हे कळल्यावर तो उंचावरून उडी मारतो, पाण्यात बुडून बघतो, उपाशी राहतो. मरण येत नाही. शेवटी भुकेने हैराण असताना हरणांचा कळप समोर येतो आणि माणसावाचूनही जगता येईल हे त्याला कळतं. तेवढ्यावर पुण्यात्मा झाला असं लेखिका दाखवत नाही. रुग्णालयात उघड्या जखमेशेजारी उभं राहता यावं म्हणून त्याला दोनशे वर्षं सराव करावा लागतो. बापाने स्वतःच्या हाताने कोरलेला क्रूस त्याच्या घरात भिंतीवर आहे; ज्या बापाने आता त्यालाच जाळलं असतं, त्याचा. क्रूस दाखवला की पिशाच्च पळतं हा जुना नियम इथे मोडलेला आहे आणि त्याचा वापर केवळ गमतीसाठी नाही.

याच कार्लाइलची एक बाजू पुस्तक साखरेत घोळत नाही, आणि ते चांगलं आहे. तो फक्त मरणाऱ्यांना बदलतो, पण विचारून नव्हे. एडवर्डच्या बाबतीत निदान मरणाऱ्या आईची याचना होती. त्याच कुटुंबातल्या रोझलीला कुणी विचारलं नाही. ‘एक्लिप्स’चं सातवं प्रकरण तिचं आहे: १९३३, रॉचेस्टर, ठरलेला नवरा आणि त्याचे दारुडे मित्र, रस्त्यावर टाकलेलं शरीर. तिला वाचवणारा तिच्या लेखी उपकारकर्ता नाही. तिला म्हातारपण हवं होतं, ओसरीवर बसलेला नवरा आणि नातवंडं हवी होती. नंतर ती त्या सगळ्यांना मारते, पण रक्ताचा थेंब पीत नाही आणि याचा तिला अभिमान आहे. खून चालला, घोट चालला नाही! संमतीवाचून केलेलं भलं भलं ठरतं का, हा प्रश्न त्या प्रकरणात कुणी सोडवत नाही. तसाच ठेवलाय, आणि म्हणून तो टोचतो.

आता माफीची बाजू. ‘न्यू मून’च्या शेवटच्या प्रकरणात बेला आपल्या आत्म्याचा विषय चक्क कलन कुटुंबाच्या मतदानाला टाकते. अ‍ॅलिस, जास्पर, एस्मी, एमेट हो म्हणतात. एडवर्ड आणि रोझली नाही. निर्णायक वजन कार्लाइलचं. ज्याने टाके घालताना तो प्रश्न विचारला, तो आता काय कारण देतो? एडवर्ड हिच्यावाचून जगणार नाही आणि मला मुलगा गमवायचा नाही. बापाच्या काळजाला शोभणारं उत्तर, पण प्रश्न आत्म्याचा होता, त्याचं काय? दुसऱ्या प्रकरणात उघडलेली वही चोविसाव्यात कुणी न वाचता मिटते. त्याआधी इटलीतल्या व्होल्टेरा गावी घड्याळाच्या बुरुजाखाली एडवर्ड बेलाला बघून आपण मेलो असं समजतो आणि कार्लाइल बरोबर होता, असं पुटपुटतो. म्हणजे त्या एका क्षणी त्याला मरणोत्तर काही असतं हे पटलेलं आहे. या धाग्यावर आणखी पन्नास पानं लिहिता आली असती. मिळतात एक-दोन संवाद.

त्याच व्होल्टेरात, मालिकेतला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग आहे आणि तो जेमतेम पानभर. वोल्टुरींच्या, म्हणजे व्हँपायरांवर राज्य करणाऱ्या घराण्याच्या, दालनातून बेला, एडवर्ड आणि अ‍ॅलिस बाहेर पडत असताना पर्यटकांचा एक जथा आत नेला जातो. जेवण म्हणून. त्यात एक ठेंगणी, सावळी बाई आहे. गळ्यात जपमाळ, मुठीत क्रूस घट्ट धरलेला. काहीतरी चुकतंय हे तिला जाणवलंय. दार बंद होतं, किंकाळ्या सुरू होतात, आपली माणसं चालत राहतात. बेला कोसळते, रडते, मग विमान पकडलं जातं. जिच्या आत्म्याला नायक एवढा जपतो ती सुखरूप. जिच्या हातात खरोखर क्रूस होता तिचं नावही कळत नाही. लेखिकेने हे मुद्दाम लिहिलं असेल तर फार मोठी गोष्ट. पुढच्या दोन पुस्तकांत त्या बाईची आठवण ज्या बेताने निघते, त्यावरून तसं मानायला मन धजत नाही.

‘ब्रेकिंग डॉन’मध्ये तेच पुन्हा, आणखी सभ्य रूपात. बेला-एडवर्डच्या मुलीच्या बचावासाठी वोल्टुरींसमोर साक्षीदार हवेत म्हणून कलन कुटुंब जगभरचे व्हँपायर घरी बोलावतं. त्यातले बहुतेक माणसांवर जगणारे. तडजोड काय? आसपास शिकार करायची नाही, दूर जायचं. आणि त्यासाठी एडवर्ड पाहुण्यांना घरच्या गाड्या वापरायला देतो. बेलाला हे खुपतं, मग ती स्वतःला समजावते की इथे नाहीतर जगात दुसरीकडे ते हेच करणार होते. परिच्छेद संपला. हा एक परिच्छेद म्हणजे कादंबरी व्हायला हवी होती. आपल्या लेकरासाठी परक्या लेकरांचे मारेकरी पोसायचे का? कार्लाइलसारखा माणूस त्या रात्री रुग्णालयात कुठल्या तोंडाने गेला असेल? पुस्तक तिकडे वळूनही बघत नाही, कारण वळलं असतं तर नायक-नायिकेच्या सुखाला गालबोट लागलं असतं.

‘एक्लिप्स’मधल्या ब्रह्मचर्याच्या वादाकडे मात्र नुसतं हसून बघू नये. विसाव्या प्रकरणात एडवर्डचा युक्तिवाद नीट रचलेला आहे. आपण खून केलेत, खोटं बोललो, चोरी केली, दुसऱ्याचं हवंसं वाटलं. दहा आज्ञांपैकी पाळायला उरलेली ही एकच गोष्ट. आणि माझं ठरलेलं असलं तरी तुझं दार माझ्यामुळे बंद होऊ देणार नाही. आत्मा नाही असं ठामपणे म्हणणारा माणूस इथे आत्म्यासाठी पथ्य सांभाळतोय, ही विसंगती त्याला अधिक माणूस करते. गडबड होते ती त्याच पुस्तकात अन्यत्र. बेलाने जेकबकडे जाऊ नये म्हणून तो तिच्या ट्रकच्या इंजिनाचा भाग काढून ठेवतो. तिला घरी डांबून ठेवण्याच्या बदल्यात अ‍ॅलिसला पिवळी पोर्शे भेट देतो. यालाही पुस्तक काळजीच म्हणतं. लैंगिक संयमाची एवढी बारीक चर्चा करणाऱ्या मालिकेला पाळत ठेवणं आणि कोंडणं हा नीतीचा विषय वाटत नाही, हे किशोरवयीन वाचकाच्या हातात पुस्तक देताना लक्षात ठेवायला हवं.

चौथ्या पुस्तकातली गर्भारपणाची गोष्ट (अजून माणूस असलेल्या बेलाच्या पोटात एडवर्डचं मूल, आणि ते तिच्या जिवावर उठलेलं) अमेरिकेत गर्भपाताच्या वादाच्या चष्म्यातून वाचली गेली. एक बाजू म्हणते हा उघड गर्भपातविरोधी धडा आहे. दुसरी म्हणते डॉक्टर, नवरा सगळे विरोधात असताना बाई आपल्या देहाचा निर्णय स्वतः घेते. मजकुरात दोन्हीला आधार आहे. खरी अडचण रचनेची. तिथपर्यंत जवळजवळ सगळं बेलाच्या डोक्यातून सांगितलेलं, आणि जिथे तिचा सर्वांत अवघड निर्णय येतो तिथे निवेदन जेकबकडे जातं. तो रागावलेला, बाहेरचा, अर्धवट ऐकणारा. बेलाने स्वतःशी काय वाद घातला, घातला की नाही, हे कळायला वावच उरत नाही. जेकबचा आवाज मजेदार आहे, प्रकरणांची नावंही खुसखुशीत आहेत, पण पेच त्यात हरवतो.

आणि मग माफीचा पाऊस. तीन पुस्तकं आपल्याला सांगितलंय की नवा व्हँपायर पहिलं वर्षभर तहानेने वेडा असतो, घरच्यांनाही ओळखत नाही. जास्परची सगळी कहाणी त्यावर उभी आहे. बळींच्या भावना त्याला स्वतःच्या अंगात जाणवतात, म्हणून त्याचं व्रत बाकीच्यांपेक्षा महाग. बेला बदलते आणि पहिल्याच शिकारीत माणसाचा वास आल्यावर श्वास रोखून मागे फिरते. काही दिवसांत चार्ली घरी येऊन शेजारी बसतो. बाप गेला नाही, मूल मिळालं, रूप मिळालं, अमरत्व मिळालं. जे गमवावं लागेल म्हणून एडवर्ड रात्रंदिवस झुरला, त्यातलं काहीही गेलं नाही. सावकाराने गहाणखत फाडून वर बक्षीसही दिलं.

निवडीचं हे तत्त्वज्ञान लांडग्यांच्या, म्हणजे लांडग्याचं रूप घेणाऱ्या क्विल्यूट जमातीच्या तरुणांच्या, गोटात तर पार कोसळतं. व्हँपायरांना निवड आहे; क्विल्यूट तरुणांना नाही. ‘इम्प्रिंट’ झालं, म्हणजे एखाद्यावर जीव आपोआप आणि कायमचा जडला, की संपलं. सॅम लीआला वचन देऊन बसला होता, तिच्याच नात्यातल्या बहिणीवर त्याचं इम्प्रिंट होतं आणि वचन मोडतं. दोष कुणाचाच नाही असं सगळे लीआला सांगतात. क्विलचं इम्प्रिंट दोन वर्षांच्या मुलीवर, जेकबचं बेलाच्याच तान्ह्या बाळावर. आत्ता तो फक्त थोरला भाऊ असेल, अशी मखलाशी आहेच. गोऱ्या, श्रीमंत कुटुंबाच्या वाट्याला इच्छास्वातंत्र्य आणि मूलनिवासींच्या वाट्याला नाइलाज, ही वाटणी लेखिकेच्या ध्यानात आली असेल असं वाटत नाही. लीआ मात्र कडवट राहते, आणि तिचा कडवटपणाच त्या भागात सगळ्यांत खरा वाटतो. क्विल्यूट ही वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर ला पुश इथे राहणारी खरीखुरी जमात आहे. लांडग्यांपासून माणसं झाल्याची त्यांची उत्पत्तिकथा खरी. व्हँपायरांशी वैर आणि इम्प्रिंट ही लेखिकेची भर. सिअ‍ॅटलच्या बर्क संग्रहालयाने जमातीबरोबर या फरकाविषयी स्वतंत्र माहिती मांडली आहे. पुस्तक संपल्यावर तीही वाचावी.

वाचायचं कसं? चारही सलग वाचण्याइतका वेळ नसेल आणि फक्त हा धागा धरायचा असेल, तर ‘ट्वायलाइट’मधली पंधरा आणि सोळा ही प्रकरणं, ‘न्यू मून’चं दुसरं आणि मग एकविसाव्यापासून शेवटपर्यंत, ‘एक्लिप्स’मधली सात, तेरा आणि वीस, एवढ्यावर भागतं. ‘ब्रेकिंग डॉन’ साडेसातशे पानांचं आहे. बाळंतपणाचा प्रसंग चांगलाच रक्तबंबाळ आहे आणि मधुचंद्राचा भाग सूचक असला तरी अंगावरच्या निळ्या वळांचा आहे, म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना तिसऱ्या पुस्तकापाशी थांबवलं तरी बिघडत नाही. २०२०चं ‘मिडनाइट सन’ हे पहिलंच पुस्तक एडवर्डच्या तोंडून. फुगलेलं आहे, पण नीतीच्या अंगाने मूळ पुस्तकापेक्षा सरस. बेलाचा वास येताच तो अख्खा वर्ग साक्षीदार म्हणून कसा संपवायचा याचं थंड गणित मांडतो. कार्लाइलला सोडून गुन्हेगारांनाच मारत फिरण्याची त्याची वर्षंही इथे सविस्तर येतात. मनं वाचता येत असल्याने तो नेमका दोषीच निवडू शकत होता. तरीही परत का आला, हे मूळ पुस्तकातल्या एका परिच्छेदापेक्षा इथे कितीतरी जास्त पटतं.

याच वाटेने पुढे गेलेल्या पुस्तकांत सिंथिया हँड यांची ‘अनअर्थली’ (२०११) सर्वांत प्रामाणिक. क्लारा पाव देवदूत आहे. तिला वणव्याचं दर्शन होतं, त्यात एक मुलगा, आणि त्याला वाचवणं हे तिचं नेमून दिलेलं कार्य. त्यासाठी कुटुंब कॅलिफोर्निया सोडून वायोमिंगला जातं. ऐन वणव्यात ती त्या मुलाऐवजी आपल्या आवडत्या टकरकडे धावते. देवाने सांगितलेलं काम टाकून प्रेम निवडलं, आता? इथे लेखिका लगेच सूट देत नाही. दुसऱ्या भागात, ‘हॅलोड’मध्ये, क्लाराला दफनभूमीचं दर्शन होऊ लागतं आणि ही आपल्या अवज्ञेची शिक्षा, टकरच मरणार, अशी तिची खात्री होते. मरण येतं ते आईला, आणि ते शिक्षा म्हणून नव्हे. त्या वंशाचं आयुष्यच एकशे वीस वर्षांचं. शिक्षा शोधणाऱ्या मनाला नुसतं दुःख मिळतं. तिसरा भाग ‘बाउंडलेस’ धावपळीत थोडा विरतो. भाषा सोपी आहे, इंग्रजी वाचनाची नुकती सुरुवात केलेल्यालाही जमेल. क्रम मात्र सोडू नका, दुसऱ्या भागाचं सगळं वजन पहिल्यातल्या वणव्यावर आहे.

बेका फिट्झपॅट्रिक यांच्या ‘हश, हश’मध्ये (२००९) पतित देवदूतापुढे दोन वाटा ठेवल्यात: नायिकेचा बळी दिला तर माणूस होता येईल, तिला वाचवलं तर रक्षक देवदूताचे पंख परत. कागदावर झकास. प्रत्यक्षात मुलगा इतका वेळ धमकावण्यात घालवतो की पेच येईस्तोवर सहानुभूती संपलेली असते. कॅसांड्रा क्लेअर यांच्या ‘मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स’मध्ये प्रेमकथेपेक्षा सायमनकडे लक्ष द्या. तो ज्यू आहे, दुसऱ्या भागात व्हँपायर होतो, आणि देवाचं नाव त्याच्या तोंडून उच्चारलं जात नाही; शब्द घशात अडकतो. चौथ्या भागात, ‘सिटी ऑफ फॉलन एंजल्स’मध्ये, त्याची आई खरं कळल्यावर दारावर धर्मचिन्हं लावून पोटच्या पोराला बाहेर ठेवते. मालिकेत राक्षस, तलवारी, जादूगार यांची नुसती जत्रा आहे, पण या घरगुती प्रसंगात कुणी तलवार काढत नाही आणि लेखिकाही आईला मूर्ख ठरवत नाही. तिथपर्यंत पोचायला आधीचे तीन भाग वाचावे लागतील, आणि पहिल्या तिन्हींत नायक-नायिका सख्खे भाऊ-बहीण आहेत की काय हा धागा बराच ताणलेला आहे. तो ज्यांना नकोसा वाटेल त्यांनी हे आधीच समजून पुस्तक हातात घ्यावं.